जिच्यासमोर जीभ अडखळते

रविवारी सकाळी भोसरीहून पिंपरीकडे निघालेल्या बसमध्ये विजयश्रीच्या खांद्याला मागून काहीतरी टोचलं. तिने दुर्लक्ष केलं. बस खड्ड्यातून गेली आणि पुन्हा टोचलं. मग मात्र ती गर्रकन मागे वळली.

"हात आवरा जरा!"

मागे एक उंचापुरा तरुण उभा होता. एक हात वरच्या दांड्याला, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली कापडी पिशवी... म्हणजे बिचाऱ्याचे दोन्ही हात कामात होते. त्याने पिशवीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याचे कान लालबुंद झाले.

"हात न्हाई ओ... मांडी हाय."

"काय?"

"म्हणजे मांडीचं हाड —" पिशवीतून वर डोकावणारं भलंमोठं पांढरं हाड त्याने घाईघाईने आत ढकललं. "प्लास्टिकचं आहे. अभ्यासाचं. मी डॉक्टर आहे, खरंच!"

"हाडाचं अर्धं तिकीट काढलं का, डॉक्टर?" कंडक्टर लांबून ओरडला आणि अर्धी बस हसली. विजयश्रीला हसायचं नव्हतं. पण त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की तिला तोंडावर ओढणी धरावी लागली.

पुढे दोघं एकाच थांब्यावर उतरले. एकाच गल्लीत वळले. ती थांबली.

"माझा पाठलाग करताय?"

"तुम्हीच माझ्या पुढं चाललाय. मी काय करू?"

"मला बालवाडीत जायचंय."

"मलाबी —" तो म्हणाला आणि मग दोघांनाही कळलं.

संत तुकारामनगरातल्या त्या बालवाडीत दर रविवारी सुमनताईंची बैठक भरायची. सुमनताई म्हणजे आयुष्यभर डॉक्टर घडवून निवृत्त झालेल्या बाई. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या रुग्णालयांत राहून शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांची त्यांनी मोट बांधली होती. मोठ्या कॉलेजात एकेका विभागात डझनभर मुलं असतात, अभ्यासाला सोबत आणि रडायला खांदा आपोआप मिळतो. इथे एका विभागात एखाद-दुसरा. दिवसभर पेशंट बघायचे आणि शंका आली की भिंतीला विचारायची. म्हणून ही बैठक. जागा ताईंच्या बहिणीच्या बालवाडीची, खुर्च्याही बालवाडीच्याच. नवनाथ, म्हणजे हा हाडवाला, तो अस्थिरोगाच्या तिसऱ्या वर्षाला होता. चाकणच्या एका रुग्णालयातून यायचा. त्या चिमुकल्या खुर्चीवर बसला की त्याचे गुडघे हनुवटीला लागत.

विजयश्री भूलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, पिंपरीतल्या रुग्णालयात, बैठकीत त्या दिवशी नवीनच. वडील कंपनीत शिफ्टला, घर दिघीला. जिभेला धार होतीच. बैठकीत सर-मॅडम म्हणायचं नाही हा ताईंचा दंडक तिला भलताच मानवला.

"तुम्ही हाडवाले म्हणजे हातोडा, करवत, ड्रिल," ती त्याला म्हणायची. "इकडे आम्ही पेशंट जिवंत ठेवायचा आणि नाव तुमचं."

"तुमी लोकांना झोपवता. आमी उठवून चालवतो." तो हळूच म्हणायचा. "ना... नाव कुणाचं व्हावं मग?"

तिच्याशी बोलताना तो असाच कुठेतरी ठेचकाळायचा. शुद्ध बोलता बोलता एकदम त्याच्या गावाकडचं 'व्हय' आणि 'न्हाई' बाहेर पडायचं. विजयश्रीला वाटायचं, स्वभाव असेल. गावचा मुलगा, लाजाळू. तिला ते आवडायचं. किती आवडायचं, ते मात्र तिला दिवाळीनंतरच्या एका रविवारी समजलं, आणि फार वाईट रीतीने समजलं.

त्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी परीक्षेसाठी जोडीदार निवडायचे होते. जोडीदार म्हणजे परीक्षेपर्यंत रोज ज्याच्यासमोर उभं राहून केस मांडायची, तो. आणि त्याचा सुमनताईंनी घालून दिलेला एक नियम होता, जो बैठकीतल्या प्रत्येकाला पाठ होता.

"ज्याच्यासमोर जीभ सगळ्यात जास्त अडखळते, तोच जोडीदार घ्यायचा," ताईंनी पुन्हा बजावलं. "परीक्षकासमोर तसंच होणार आहे. घरच्या मांजरीसमोर सगळेच हुशार असतात. नवनाथ, तुझं बोल."

नवनाथने मान वर केली. विजयश्रीने उगीचच ओढणी सारखी केली.

"जास्मिन," तो म्हणाला.

विजयश्रीने ओढणी पुन्हा सारखी केली, काही गरज नसताना.

जास्मिन रेडिओलॉजीची. दापोडीची, वडिलांचं गाड्यांचं गॅरेज. गोरीपान वगैरे काही नाही, पण हसली की खोलीतल्या सगळ्यांना वाटायचं, आपणच काहीतरी मजेशीर बोललो. ती टाळी वाजवून म्हणाली, "अरे यार, मला घाबरतोस तू? आधी सांगायचंस ना!"

सगळे हसले. विजयश्रीही हसली, कारण हसणं भाग होतं. आतमध्ये मात्र तिने हिशेब मांडला, आणि तो हिशेब इतका सरळ होता की त्यातून सुटकाच नव्हती. ज्याच्यासमोर जीभ अडखळते तो जोडीदार. नवनाथने जास्मिनला निवडलं. म्हणजे नवनाथची जीभ जास्मिनसमोर अडखळते. आणि एखाद्या तरुण मुलाची जीभ एखाद्या मुलीसमोर का अडखळते, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

'मग माझ्यासमोर जी अडखळते ती?' मनाने विचारलं.

'ती सवय असेल,' तिने मनाला दटावलं. 'जास्मिनसमोर तर बोबडीच वळत असेल.'

त्या दिवसापासून तिला जास्मिनचं सगळंच दिसू लागलं. तिच्या बांगड्या दिसल्या. तिने बेकरीतून आणलेली नानकटाई दिसली, आणि त्यातली दोन नवनाथने खाल्लेलीही दिसली. बैठकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विजयश्रीने एखादा चांगला लेख टाकला की नवनाथचा एक अंगठा यायचा. नुसता अंगठा! जास्मिनने साधा एक एक्स-रे टाकला तरी हसरे चेहरे, प्रश्न, उत्तरं, पुन्हा हसरे चेहरे. विजयश्री ड्यूटी संपवून फोन उघडायची, दोघंही ऑनलाइन आहेत का ते बघायची, आणि असले की चडफडत फोन उशीखाली कोंबायची. आई म्हणाली, "जेवत का नाहीस गं?" ती म्हणाली, "भेंडी नीट झाली नाही." भेंडी उत्तम झाली होती.

पुढच्या रविवारी बैठक संपल्यावर तिने बालवाडीच्या खिडकीतून पाहिलं, नवनाथ नव्या मोटरसायकलला किक मारत होता आणि मागे जास्मिन बसत होती. बसताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मोटरसायकलवर बसताना सगळेच खांद्यावर हात ठेवतात. विजयश्रीला हे माहीत होतं. तरीही तिला त्या हाताचा, त्या खांद्याचा आणि त्या मोटरसायकलचा संताप आला. कुणाचाही इतका हेवा आपण करू शकतो याची तिला लाज वाटली, पण लाज वाटून हेवा काही कमी झाला नाही.

मग सराव परीक्षेचा दिवस उजाडला. ताईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"नवनाथला विजयश्री विचारेल. दुसऱ्या विषयाचा माणूस साधे प्रश्न विचारतो, आणि परीक्षेत दांडी साध्या प्रश्नांवरच उडते."

विजयश्री टेबलामागे बसली. नवनाथ समोर उभा राहिला. केस त्याच्या रोजच्या कामातली होती. कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवरचा कामगार, मशिनमध्ये हात आलेला, दोन बोटं चिरडलेली. असे पेशंट चाकणला त्याने डोळे मिटून सांभाळले होते.

"सुरू करा," ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला.

"पे... पेशंटचं वय —" तो थांबला. घसा खाकरला. "अठ्ठावीस वर्षांचा पुरुष..."

"कोणत्या हाताने काम करतो तो?"

हाताच्या दुखापतीत हे सगळ्यात आधी विचारायचं असतं. त्याला ते माहीत नसणं शक्यच नव्हतं. पण तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"शेवटचं कधी खाल्लंय त्याने? विचारलंत? की उपाशी नसलेल्या माणसाला आम्ही भूल द्यायची आणि निस्तरायचंही आम्हीच?"

"वि... विचारलं हाय. म्हणजे..."

"रक्तपुरवठा कसा तपासलात?"

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. त्याची नजर क्षणभर बाजूला गेली, तिकडे जास्मिन बसली होती, आणि तिने त्याला धीर द्यायला मान हलवली. ती एवढीशी मान हलली आणि विजयश्रीचा तोल गेला.

"जास्मिनला विचारून सांगायचंय का? जा ना, विचारून या."

कुणीच हसलं नाही. नवनाथने हातातलं हाड टेबलावर ठेवलं. अगदी हळू, आवाज न करता. "सॉरी, ताई," तो सुमनताईंना म्हणाला आणि जिना उतरून निघून गेला. खालून मोटरसायकलचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने सगळ्यांचे फोन वाजले. नवनाथने ग्रुप सोडला होता.

विजयश्री जिन्यात येऊन उभी राहिली. मागोमाग जास्मिन आली, आणि आज ती हसत नव्हती.

"काय केलंस हे? परीक्षा तोंडावर आलीये त्याची!"

"मी साधे प्रश्न विचारले. त्याला येत नव्हते."

"येत नव्हते? अगं, माझ्यासमोर तो सुटलेल्या बससारखा बोलतो. थांब म्हटलं तरी थांबत नाही. हीच केस परवा त्याने मला चहा पिता पिता सांगितली. एक शब्द चुकला नाही!"

"तुझ्यासमोर... अडखळत नाही?"

"कशाला अडखळेल? मी काय त्याची..." जास्मिन बोलता बोलता थांबली. तिने विजयश्रीकडे पाहिलं. मग वर बालवाडीच्या दाराकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! म्हणजे त्याने ताईंना थाप मारली. नियम मोडून मला घेतलं. ज्या बाईसमोर खरंच बोबडी वळते ती सोडून!"

"कोणती बाई?"

"आरसा देऊ का?" जास्मिन म्हणाली आणि पाय आपटत खाली गेली.

खरं सांगायचं तर विजयश्रीला आधी आनंदच झाला. निर्लज्ज, भरभरून, गालात न मावणारा आनंद. तो माझ्यासमोर अडखळतो! मग दुसऱ्याच क्षणी तो आनंद ओसरला. जो मुलगा केवळ तिला बघून गडबडतो त्याला तिने भर बैठकीत उभं करून सोललं होतं. तेही कशासाठी? दोन नानकटाया आणि एक मोटरसायकल यांच्यासाठी. तो आता बैठकीला येणार नाही. एकटा भिंतीसमोर केस मांडेल, परीक्षकासमोर असाच मुका होईल आणि नापास होईल. आणि ते तिच्यामुळे.

तिने फोन केले, त्याने उचलले नाहीत. सुट्टीच्या दिवशी ती चाकणची बस पकडून थेट त्याच्या रुग्णालयात गेली.

प्लास्टर रूममध्ये तो एका पेशंटच्या मनगटाला प्लास्टर घालायच्या तयारीत होता. पेशंट मिशाळ, पन्नाशीचे, अंगात कंपनीचा निळा शर्ट. नवनाथ त्यांना हिंदुरावमामा म्हणत होता. विजयश्रीला दारात बघून त्याच्या हातातली ओली पट्टी पाण्यात परत पडली.

"तु... तुमी?"

"हात कोण धरणार आहे?" तिने विचारलं.

"वॉर्डबॉय जेवायला गेलाय."

ती पुढे झाली आणि हिंदुरावमामांची बोटं धरून, हवा तसा ताण देऊन उभी राहिली. नवनाथ मान खाली घालून पट्ट्या गुंडाळू लागला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागत होती, ओली, पांढरी, चुन्यासारख्या वासाची.

"मी चुकले," ती म्हणाली.

"न्हाई. परीक्षकानं विचारायचंच असतं."

"मी परीक्षक म्हणून नव्हते विचारत... जळत होते मी. जास्मिनवर. तुम्ही तिला निवडलंत म्हणून."

पट्टी थांबली. हिंदुरावमामांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि वेदना विसरून नीट सावरून बसले.

"मला तुमची जोडीदार करा," ती म्हणाली. "परीक्षेपर्यंत. रोज."

"न्हाई जमायचं." तो पुटपुटला. "तुमच्यापुढं मला... सगळं पाठ असतंय, पण तुमी बघितलं की कोरी पाटी. म्हणून तर ताईंना खोटं बोललो. नापास व्हायची भीती वाटली मला."

"म्हणूनच मी हवी ना. नियमच आहे तो."

"आणि तरीबी न्हाई जमलं तर?"

"ओ डागदर," हिंदुरावमामा कळवळून म्हणाले, "जमतंय का न्हाई ते मागनं बगा. आदी माज्या हाताचं आवरा. बाई लई जोरात वढायल्यात!"

विजयश्रीने जीभ चावली आणि ताण सैल केला. नवनाथ हसला. तिच्यासमोर मोकळं असं तो बहुधा पहिल्यांदाच हसत होता. प्लास्टर हळूहळू गरम होत वाळत गेलं आणि ती जरुरीपेक्षा थोडा जास्तच वेळ तो हात धरून उभी राहिली.

मग रोज संध्याकाळी, मुलं घरी गेली की बालवाडीत दोघांची शिकवणी सुरू झाली. सुमनताई शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसायच्या आणि कान मात्र इकडेच असायचा. सुरुवातीला तो पेशंटच्या नावावरच अडायचा. ती वाट बघायची. टोमणा मारायची हुक्की आली तर पाण्याचा घोट घ्यायची. कधी जास्मिन येऊन एक्स-रे समजावून जायची, तेव्हा तर विजयश्रीला बाटलीच संपवावी लागायची. हेवा असा एका दिवसात जातो थोडाच. नवनाथ जास्मिनशी बोलताना अजूनही तितकाच मोकळा असायचा, आणि ते बघून तिला वाटायचं, हे असं सहज बोलणं माझ्या वाट्याला कधी येणार?

ते आलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याने तिच्यासमोर उभं राहून सबंध केस मांडली. वय, काम, कोणता हात, शेवटचं कधी खाल्लं, बोटांचा रंग, रक्तपुरवठा, सगळं. ती मध्ये मध्ये तोडत होती, आडवे प्रश्न घालत होती, भुवया उंचावत होती. तो कुठेच थांबला नाही. शेवटचा शब्द संपला आणि शेजारच्या खोलीतून सुमनताईंनी टाळी वाजवली.

"पास!" त्या तिथूनच म्हणाल्या. "मी चालले. कुलूप लावा."

नवनाथ आनंदाने तिच्याकडे वळला आणि बघतच राहिला. विजयश्री पुस्तकं अशी आपटत गोळा करत होती की जणू त्यांनीच काही गुन्हा केला होता.

"काय झालं? चुकलं का काही?"

"नाही. उत्तम झालं."

"मग?"

"मग काही नाही. एकदासुद्धा अडखळला नाहीत." तिला स्वतःलाच हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले. "जास्मिनशी बोलता तसेच बोललात. आता मी आणि ती सारखीच. मीच शिकवलं, मीच घालवलं."

तो क्षणभर गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने एक छोटी खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली, गुडघे वर करून तीवर बसला.

"एक प्रश्न विचारा," तो म्हणाला. "पुस्तकाबाहेरचा. तुम्हाला जो विचारायचाय तोच."

तिने नाक पुसलं. "तुम्हाला कोण आवडतं?"

"तुम्ही." तो म्हणाला. त्याने ना घसा खाकरला ना नजर वळवली. "बसमध्ये ओरडलात तेव्हापासून. भीती गेली म्हणजे बाकीचं गेलं असं नाही, विजयश्री. आता निदान सांगता तरी येतंय... तुम्हाला मी आवडतो?"

विजयश्रीने तोंड उघडलं. जिच्या जिभेपुढे सर्जन चळाचळा कापत, तिला शब्द सापडेना. "मी... म्हणजे तुम्ही... तसं..." ती म्हणाली, आणि पुढे काहीच नाही. कान तापले. हातातलं पुस्तक घसरून खाली पडलं. नवनाथने ते उचललं नाही. तो नुसता बसून राहिला, अगदी शांत, तिच्याकडे बघत.

"वेळ घ्या," तो म्हणाला. "मला घाई नाही."

"आवडता," शेवटी ती एका दमात म्हणाली. "खूप आवडता. आणि उद्यापासून जास्मिनला दापोडीला सोडायला तुम्ही जायचं नाही. तिला भरपूर बस आहेत."

"उद्या माझी परीक्षा आहे," तो हसत म्हणाला.

"मग परवापासून."

"परवापासून," त्याने कबूल केलं, आणि तिचा हात हातात घेतला. बाहेर रस्त्यावर कंपन्यांच्या बसची रांग लागली होती, शिफ्ट सुटली होती. दोघांपैकी कुणालाही कुलूप लावायची आठवण झाली नाही.